अक्का, आबा काय म्हणाले ते ऐक

अक्का,

घरात मी तुला कायम 'तुम्ही' म्हणाले. थोरल्या जावेला तसंच म्हणायचं असतं. पण सायकलवर बसलं की ते जमायचं नाही. मागून ट्रक यायचा आणि माझ्या तोंडातून निघायचं, "अक्का, कडंला घे! घे ना गं!" ट्रक अंगावर येत असताना 'घ्या ना हो' म्हणायला वेळ कुणाला असतो? घरी परत आलो, फाटकातून आत शिरलो, की पुन्हा 'तुम्ही'. तू एकदा हसून म्हणालीस, "रस्त्यावरची सुरेखा बरी हाय. घरातली लईच सभ्य हाय." आज रस्त्यावरचीच बोलतेय तुझ्याशी.

तेरावं झालं. पाहुणे गेले. दिवाळी तोंडावर आलीय, गल्लीत सगळ्यांनी आकाशकंदील टांगलेत, आपल्या घरी यंदा काही नाही. भाऊजी बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून बसतात आणि दुसरीकडंच बघत राहतात. स्वयंपाकघरात मी अजून चहा दोघींचा टाकते, मग आधण ओतून देते.

मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. आबा लेकीच्या दहाव्याला आल्ते. आपण ज्या गोष्टीवरून वर्षभर वाद घातला, त्याबद्दल ते माझ्याशी बोलले. ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन नाही, आणि सांगायला तूच नाहीस. तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगू दे. त्याशिवाय मला तिथपर्यंत पोचता येणार नाही.

तुला साखर निघाली, डॉक्टर म्हणाले रोज चाला. तू दोन दिवस चाललीस आणि कंटाळलीस. तिसऱ्या दिवशी पाहते तर तू पोराची सायकल पुसून राह्यलेली. पोरगं पुण्याला नोकरीला गेल्यापासून ती जिन्याखाली धूळ खात पडल्ती. मी म्हणाले, "अहो, पडाल." तू म्हणालीस, "सायकल येती मला. लहानपणी खळ्यावर शिकले, भावाची चोरून. कोणी बघितलं न्हाई, एवढंच." ओढणी कमरेला घट्ट बांधलीस आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलीस. भाऊजी दारात उभे होते. "लोकं काय म्हनतील?" एवढंच म्हणाले. तू उतरता उतरता म्हणालीस, "म्हनू द्या की. म्हनायला खर्चा लागतो का?"

आठ दिवसांत मी माझ्या लेकीची सायकल काढली. मला काही सायकलची हौस नव्हती, अक्का. तू एकटी मोठ्या रस्त्याला लागशील या विचारानं माझा सकाळचा घास उतरत नव्हता. सोबत गेले तर निदान डोळ्यासमोर तरी राहशील, असं वाटलं. पण तू मला पुढं घातलंस आणि स्वतः मागं राहिलीस. मग मला तू दिसायचीच नाहीस. मी सारखी मान वळवून बघायची आणि सायकल रस्त्याच्या मधोमध जायची. "समोर बघ!" तू मागून ओरडायचीस. "मी हाय इथंच!"

दसरा झाला की आपले दिवस यायचे. पावसाचा चिखल वाळलेला, पहाटेची हवा गार, आणि ऊन चढायच्या आत दोन-तीन तास तरी मिळायचे. कपाशीची बोंडं उकललेली, तुरीला पिवळा फुलोरा, शेताच्या बांधावर बायका डोक्याला फडकी बांधून वेचणीला लागलेल्या. तू ते सगळं बघत यायचीस. मी कुठं बघायची? माझं लक्ष रस्त्याच्या काठावर. लोकांनी अर्ध्या डांबरावर मका आणि सोयाबीन वाळत घातलेली, भोवती दगड लावलेले. तेवढ्यात समोरून कापसानं फुगलेला टेम्पो आला तर जायचं कुठं? साखर कारखाना सुरू झाला की अंबडचा रस्ता तर आपण सोडूनच द्यायचो. उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर अंकुशनगरच्या कारखान्याकडं निघाला की मागची ट्रॉली अशी डुलते की अजून स्वप्नात येते माझ्या. कुत्र्यांचं वेगळंच. तू त्यांच्याशी बोलायचीस. "काय रे बाबा, काय झालं, जाऊ दे की आमाला." आणि ती खरंच जाऊ द्यायची.

मागच्या वर्षी अशाच एका सकाळी, टपरीवर चहा पिता पिता तू म्हणालीस, "सुरेखा, धावड्याला जाऊ."

मला वाटलं भाऊजींच्या गाडीनं.

"न्हाई. सायकलवर."

धावडा म्हणजे तुझं माहेर. जालन्याहून राजूर, तिथून भोकरदन, आणि त्याच्याही पुढं, पार अजिंठ्याच्या डोंगराकडं. त्याच्या निम्मंही आपण कधी गेलो नव्हतो. मी नाही म्हणाले. तू वाद घातला नाहीस. चहा संपवलास आणि मग सांगितलंस, वीस वर्षं एका घरात राहून मला माहीत नव्हतं ते. सातवीला तू वर्गात पहिली आल्तीस. पुढची शाळा लांबच्या गावाला. भावाला सायकल मिळाली. तू मागितलीस तर आबा म्हणाले, पोरीच्या जातीला सायकल शोभत नाही. तिथं तुझी शाळा संपली. "मला राग न्हाई," तू म्हणालीस. "पन एकदा सायकलवर बसून त्यांच्या दारात जायचंय. बस."

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही सायकलींचे ब्रेक तपासून आणले.

निघायच्या दिवशी पहाटे भाऊजींनी दहा वेळा विचारलं, फोन चार्ज आहे का. शेवटी असं ठरलं की संध्याकाळी तुझा भाचा पिकअप घेऊन धावड्याला येईल आणि आपल्याला सायकलींसकट परत आणील. राजूरच्या गणपतीला आपण बाहेरूनच हात जोडले. मी मनात एवढंच मागितलं की मागून येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरची झोप पुरी झालेली असू दे.

भोकरदनच्या पुढं ते झालं. एक ट्रॅक्टर मला घासून गेला, निदान मला तरी तसं वाटलं. वाऱ्यानं सायकल हलली, चाक डांबरावरून खाली काळ्या मातीत उतरलं आणि मी आडवी झाले. लागलं काहीच नाही. पण मी तिथंच बसले आणि रडायला लागले. शाळेत साठ पोरांना गप्प बसवणारी बाई मी, रस्त्याच्या कडेला बसून हुंदके देत होते. म्हणाले, "मला नाही यायचं. तू जा. मी इथंच बसते, पिकअपला इथंच बोलव."

तू तुझी सायकल बाभळीला टेकवलीस आणि माझ्याशेजारी मातीत बसलीस. पिशवीतून मोसंबी काढली, सोललीस, अर्धी मला दिलीस. मग म्हणालीस, "मला बी भ्या वाटतंय."

"तुला?" मी म्हणाले.

"खरंच सांगते. पयल्या दिवसापासून. म्हनून तर मागं राहते. तू पुढं अशी भीत भीत चालती, मान वळवून वळवून बघती, मंग मला वाटतं, ही बया एवढी भिऊन बी जाऊन राह्यली, मंग मला काय धाड भरली? तू न्हाई आलीस तर मी बी न्हाई जात. बिलकुल न्हाई."

मला हसू आलं, रडता रडताच. मला दोन वर्षं वाटत होतं की मी तुझ्यावर नजर ठेवायला येते. आपण उठलो. तू माझी चेन बसवून दिलीस. त्यापुढचा रस्ता मला जितका आठवतो, तितका कुठलाच आठवत नाही. उत्तरेला डोंगराची निळी ओळ दिसायला लागली, आणि तू मागून सांगत राह्यलीस, हा अमक्याचा मळा, ही तमक्याची विहीर, इथं आमी चिंचा पाडायचो.

आबा ओट्यावर बसल्ते. नजर कमी झालेली. तू फाटकातून सायकल चालवतच आत नेलीस, अगदी ओट्यापर्यंत, आणि मग उतरलीस.

"कोन हाय?"

"मी, आबा. पद्मा."

"कोनाच्या गाडीवर आलीस?"

"सायकलवर आले."

"कोनाच्या?"

"माझ्या."

तुझी वहिनी पाणी घेऊन दारात आल्ती, ती तांब्या घेऊन तिथंच थांबली. मग आबा काठी टेकत उठले, खाली आले, चाचपत सायकलपाशी गेले. पुढच्या चाकाचं टायर अंगठ्यानं दाबून बघितलं. मागच्या चाकाचंही बघितलं.

"हवा बराबर हाय," ते म्हणाले. आणि परत जाऊन बसले.

बस. एवढंच. तू आत गेलीस, तोंड धुतलंस, वहिनीशी बोलत बसलीस. जेवण झालं. संध्याकाळी पिकअप आली. निघताना तू आबांच्या पाया पडलीस, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तोही नेहमीसारखाच.

गाडीत मी तुझ्यावर चिडले. इतकी वाट तुडवून आलीस आणि एक शब्द बोलली नाहीस? शाळेचं विचारायचं होतंस. सांगायचं होतंस की बघा, शोभतं का नाही. तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. "बोलले की ते," म्हणालीस.

"काय बोलले? हवा बराबर आहे, हे काय बोलणं झालं?"

"तुला न्हाई कळायचं."

तिथून वर्षभर आपलं ते चालू राहिलं. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, रस्त्यावर तर हमखास. मी म्हणायची, त्यांनी चूक कबूल करायला पाहिजे होती. तू म्हणायचीस, केली. मी म्हणायची, कुठं केली? तू हसायचीस. मला त्या हसण्याचा राग यायचा. मला वाटायचं तू स्वतःची समजूत घालून राह्यलीस.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुला कसर आली, अंग तापलं. मी लगेच म्हणाले, डॉक्टरकडं चला. तू म्हणालीस, "तुझं नेहमीचंच हाय." तरी मी नेलंच. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला, सलाईन लावलं. डॉक्टर रोज पेशींचा आकडा सांगायचे, आणि भाऊजी तो आकडा ऐकून जिन्यात जाऊन बसायचे. मग डॉक्टरच म्हणाले, संभाजीनगरला हलवा.

ॲम्ब्युलन्समध्ये मी तुझ्या उशाशी होते. तुझे डोळे मिटलेले. मला वाटलं झोपलीस. मध्येच विचारलंस, "बाहेर काय दिसून राह्यलं?"

"कपाशी."

"वेचायला आली?"

"आली."

थोड्या वेळानं म्हणालीस, "वारं समोरून हाय का मागून?"

बंद गाडीत मला काय कळणार? "मागून," मी म्हणाले.

"मंग जल्दी पोचू," तू म्हणालीस. आपलं शेवटचं बोलणं ते. ट्रक, कुत्री, ट्रॉल्या, सगळ्यांची मी काळजी केली, अक्का. त्या सगळ्यांनी तुला जाऊ दिलं. घरातल्या कुठल्या बादलीत, कुठल्या कुंडीत तो डास झाला, कोण जाणे. आता मी कुंड्या रोज उलट्या करते. रिकाम्यासुद्धा.

आता आबांचं.

दहाव्याला नदीवर सगळे बसल्ते. आबांना तुझ्या भावानं गाडीतून आणलं, खुर्ची टाकून झाडाखाली बसवलं. विधी चालू होते. मी पलीकडं बायकांत होते. आबांनी तुझ्या वहिनीला पाठवून मला बोलावून घेतलं. मी जाऊन खाली बसले.

"तू ती ना? तिच्या संगं आल्तीस ती?"

"हो, आबा."

"त्या दिशी वाटंनं तिला भ्या वाटलं का?"

मला आधी वाटलं, नाही म्हणावं. म्हाताऱ्या माणसाला आणखी कशाला त्रास? पण तू मातीत बसून मोसंबी सोलताना दिसलीस. म्हणाले, "वाटलं, आबा. पण आली."

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग हळूच म्हणाले, "मला बी वाटायचं. शाळा लांब. मधी नाला. पावसाळ्यात त्याला पानी आलं की बैल वाहून जायाचे. एकली पोर जानार, एकली येनार. मला रातभर झोप न्हाई. पन गड्यानं भ्या वाटतंय असं कसं म्हनावं? मंग म्हनलो, पोरीच्या जातीला शोभत न्हाई. थे म्हनायला सोपं."

मी खुर्चीच्या अजून जवळ सरकले.

"ती आली त्या दिशी म्हनलं, सांगावं आता. न्हाई जमलं. चाकातली हवा बघितली." मग माझ्याकडं तोंड केलं. "काई म्हनली का ती? परत जाताना?"

"म्हणाली, आबा बोलले."

त्यांनी मान हलवली. उपरण्यानं तोंड पुसलं. मी उठले.

तर भांडण तू जिंकलीस. मला नाही कळलं, तुला कळलं होतं. अंगठा टायरवर ठेवला तेव्हाच कळलं होतं. ते मी मान्य करते.

पण सगळंच मान्य करत नाही, अक्का. त्या रात्री मला आबांची कीव आली आणि सकाळी उठले ती रागानंच. भीती वाटली म्हणून एका हुशार पोरीची शाळा बंद करायची? नाल्यावरून भावाला जाऊ दिलं ना? त्याला काय पंख होते? भीती वाटते तर सोबत जावं, पोचवून यावं, वर्गातल्या दुसऱ्या पोरींना गोळा करावं. काही करावं. हे मी तुला सांगितलं असतं, आणि तू काहीतरी बोलली असतीस ज्याच्यावर मी पुढं सहा महिने चिडले असते. ते बोलणं मला हवंय. ते आता कुठून आणू?

आणि राग करता करता एक गोष्ट ध्यानात आली. मी गेले कित्येक दिवस माझ्या लेकीला कॉलेजला रिक्षानंच जा म्हणून सांगतेय. तिची सायकल मी अडकवून ठेवलीय. विचारलं तर म्हणते, मला लागते. लागते कुठं? तू गेल्यापासून मी सायकलला हात लावला नव्हता.

आज रविवार. पहाटे उठले. भीती वाटत होती. रस्त्याची नव्हे, माणसांची. वाटेवरच्या सगळ्यांनी आपल्याला जोडीनंच बघितलेलं. आता प्रत्येकजण विचारणार, दुसरी कुठंय? प्रत्येकाला मी सांगायचं. तरी निघाले. भाऊजी दारात उभे होते. म्हणाले, "फोन चार्ज हाय का?" मी हो म्हणाले.

फाट्यावर गयाबाई बसल्ती. हंगामात ती तिथं सीताफळांची पाटी घेऊन बसते, आणि तू दर रविवारी तिच्याशी दरावरून हुज्जत घालायचीस आणि शेवटी ती म्हणेल ते द्यायचीस. लांबूनच मला बघून तिनं विचारलं, "एकलीच? ती दुसरी कुठंय?"

मी म्हणाले, "माहेरी गेलीय."

कशी म्हणाले, मला माहीत नाही. तोंडातून निघून गेलं. गयाबाईनं पाटीतली दोन मोठी, डोळे उघडलेली सीताफळं निवडली. "एक तुला, एक तिला. आली की दे. माझ्या झाडाची पयली हायेत म्हन." पैसे घेईना. मी पिशवीत टाकली आणि निघाले.

थोडं पुढं गेले. माहेरी गेलीय, म्हणजे पुढच्या रविवारी ती पुन्हा विचारणार. मी पुन्हा काहीतरी सांगणार. मग मी तो रस्ता बदलणार, मग दुसरा, आणि शेवटी सायकल जिन्याखाली. सगळं मला स्पष्ट दिसलं. म्हणायला सोपं तेच मीही म्हणून आले होते.

रस्त्यात थांबून सायकल वळवली. मागून एक टेम्पो करकचून हॉर्न देत गेला.

"काय गं, काय राह्यलं?" गयाबाई म्हणाली.

"मावशी, ती वारली. दसऱ्यानंतर. डेंग्यूनं."

तिचा हात पाटीतच राहिला. मग म्हणाली, "मंग मघाशी असं का म्हनलीस?"

"बोलवेना."

"हां." तिनं तिच्या शेजारचं पोतं झटकून सारखं केलं. "बस."

मी बसले. गाड्या जात होत्या. तिनं विचारलं, "आता तू येनार का न्हाई इकडं?"

"येईन."

"एकलीनं भ्या न्हाई वाटायचं?"

"वाटतंय की. आत्ता पण वाटतंय."

तिनं माझ्या पिशवीकडं बोट केलं. मी दोन्ही सीताफळं काढली. माझं मी बाजूला ठेवलं, लेकीसाठी. तुझं तिनं दोन्ही हातांनी दाबून फोडलं, अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः घेतलं. आम्ही दोघींनी तिथं फाट्यावर बसून तुझ्या वाटचं सीताफळ खाल्लं, अक्का, आणि बिया मातीत टाकत राहिलो. लई गोड होतं.